सोपटात गुंडाळलेली फ्लॉपी

केळीच्या चिकाचा डाग जात नाही. रावेरकडच्या कुठल्याही बाईला विचारा. रॉकेल लावा, लिंबू चोळा, उन्हात वाळवा, कापड फाटेल पण डाग तिथेच. आमच्या घरी चांगले कपडे कोणते आणि शेतातले कोणते, हे त्या डागावरूनच ठरायचं. परवा गॅसचं पुस्तक शोधताना कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक फ्लॉपी हाती लागली, आणि तिच्या लेबलावर, डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा तोच तपकिरी डाग. इतक्या वर्षांनी! मी मटकन खाली बसले. गॅसचं पुस्तक राहिलं ते राहिलंच.

खरं तर मी बसणारी बाई नव्हे. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. चहा मी उभ्यानेच पिते. भुसावळहून जळगावला येताना नशिराबाद मागे पडलं की पिशवी खांद्याला लावून एसटीच्या दाराशी जाऊन उभी राहते, आणि कंडक्टर म्हणतो, ताई, अजून वेळ आहे, बसा. मला बसवत नाही. तरुणपणी तर विचारूच नका. कुणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य मी पुरं करायची, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

फ्लॉपीबरोबर कागदी पाकिटात एक सीडी होती. सीडीवर माझं अक्षर, फ्लॉपीच्या लेबलावर भाऊचं. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचं अक्षर गोल, सावकाश लिहिलेलं, जसा तो स्वतः होता. "नाना, आधी ही घालायची." नाना म्हणजे आमचे वडील. लेबलावर एवढंच, पण ते वाचलं आणि नाकात एकदम त्या ऑफिसचा वास शिरला.

ते ऑफिस म्हणजे आमच्या गावच्या केळी सोसायटीची पत्र्याची खोली. बाहेर वजनकाटा, समोर कडुनिंब, पलीकडे ट्रकची रांग. कापणीच्या दिवसांत पहाटेपासून ट्रॅक्टर यायचे. घडांखाली केळीची हिरवी पानं अंथरलेली, वर पानं झाकलेली, आणि सगळीकडे तो कच्चा, तुरट, ओला वास. दुपार झाली की कोपऱ्यात पडलेल्या पानांचा आंबूस वास त्यात मिसळायचा. हमालांचा आवाज, काट्याची साखळी, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवरचे बाजारभाव. नाना त्या काट्यावर बसायचे. शेत स्वतःचं होतं, पण सकाळचे चार तास सोसायटीचे. वजनाची पावती फाडून द्यायची, घडाला बोट लावून माल कसा आहे ते बघायचं, आणि ज्याचा माल हलका भरला त्याला आधी पाणी पाजायचं, मग वजन सांगायचं. ही त्यांची पद्धत. मला तर ते पाणी पाजणं बघूनच चीड यायची. अरे, सांगून टाका ना एकदाचं!

भाऊ जळगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकला. सुट्टीत आला तो एक जुना, कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर घेऊन. त्याच्या पोटात डिस्क नव्हतीच. सगळं एका फ्लॉपीवर चालायचं. ती घातली की मशीन जागं व्हायचं, काढली की पुन्हा दगड. भाऊने त्या एका फ्लॉपीत मशीन चालवणारं डॉस बसवलं, वजनाच्या पावतीचा प्रोग्रॅम बसवला, आणि सगळ्यात आधी, मशीन सुरू झाल्या झाल्या, काळ्या पडद्यावर एक ओळ यायची. इंग्रजी अक्षरं, पण बोली आमची घरचीच, ळ चा य करणारी:

"राम राम नाना. केयीले पानी देलं का?"

आणि खाली एक छोटी रेघ लुकलुकत थांबायची. नाना उत्तर लिहीत नाहीत तोवर पुढचं काही दिसायचंच नाही. नाना सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना यायची ती वॅगनवरच्या, खोक्यांवरच्या खुणांमुळे. एका बोटाने एकेक अक्षर हुडकत त्यांनी पहिल्या दिवशी "हो" लिहिलं आणि भाऊकडे असं बघितलं की बस. भाऊ म्हणाला, "नाना, तुम्ही लिहिलेलं सगळं आत साठून राहतं बरं का." नाना म्हणाले, "राहू दे. कोन वाचते?"

भाऊ का गेला ते मी इथे सांगत बसणार नाही. नानांचं आणि त्याचं बोलणं तुटलं, एका सकाळी त्याची पेटी जागेवर नव्हती, एवढंच. बडोद्याहून दोन पत्रं आली, दोन्ही मला. मग तीही थांबली. नाना जिवंत असेपर्यंत तो आला नाही, आणि नंतरही नाही. घरात त्याचं नाव निघेना. आई चपात्या लाटताना एखादी जास्त लाटायची आणि काही न बोलता ती गाईला घालायची.

पण सकाळी सात वाजता नाना काट्यावर जायचे, खिशातून फ्लॉपी काढायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि मशीनमध्ये सारायचे. घर्र, खट, घर्र. राम राम नाना. घरात जो बोलत नव्हता तो तिथे रोज बोलत होता. मी एकदा खिडकीतून पाहिलं. नाना एक बोट वर धरून बसले होते, अक्षर शोधत, आणि त्यांचे ओठ हलत होते. मी आत गेले नाही. घाईत होते. मला जळगावची गाडी पकडायची होती.

तेव्हा मी जळगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. सोसायटीनेही नवा कॉम्प्युटर घेतला, पोटात डिस्क असलेला, सीडीची खाच असलेला. माणूस येऊन सगळं बसवून गेला. वजनं आता त्या डिस्कवर उतरायची. तरीही नाना तो कॉम्प्युटर सुरू करायचे ते भाऊची फ्लॉपी घालूनच. कुणी काही म्हटलं की म्हणायचे, "आपल्याले असंच जमते."

त्या उन्हाळ्यात फ्लॉपी कण्हायला लागली. आमच्याकडचा मे म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पत्र्याच्या खोलीत पेनातली शाई वाळते. वरून धूळ. सकाळी फ्लॉपी घातली की एका खटच्या जागी दहा खट व्हायचे, पडदा काळाच राहायचा, आणि नाना तिला काढून हळूच फुंकर मारायचे. मी तिची नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर करून दिली, ती आठवड्यात गेली. तिसरी तर दोन दिवसही टिकली नाही. एका रविवारी मी घरी गेले तर नाना अंगणात खाटेवर बसले होते, काट्यावर न जाता. मला म्हणाले, "बेबी, आज तो बोलला नही."

माझं नाव बेबी नव्हे, पण घरी सगळे तेच म्हणायचे. मी म्हटलं, "नाना, याची सीडी करू. सीडी शंभर वर्षं टिकते." शंभर वर्षं हे मी ऐकीव सांगितलं होतं. नानांनी विचारलं, "आन त्यात तो असाच बोलीन?" मी म्हटलं, "असाच. जसाच्या तसा." म्हटलं आणि माझ्यावर ते आलं.

जळगावात चौकशी केली. सीडी लिहायचं यंत्र होतं एक-दोन ठिकाणी, पण फ्लॉपीवरून मशीन सुरू करणारी सीडी बनवायची म्हटलं की सगळे डोकं खाजवायचे. क्लासमधल्या एकाने सांगितलं, धुळ्याला बापू आहेत, त्यांनाच जमेल. आमच्याकडे अडलेलं काम धुळ्याला न्यायची तशी पद्धत नाही, धुळेकर आमच्याकडे येतात असा आमचा ताठा. पण गेले.

निघायच्या दिवशी सकाळी सातलाच मी काट्यावर पोहोचले. आठची एसटी होती. नाना मशीनपुढे बसले होते. नशीब, त्या दिवशी फ्लॉपी चालली होती. मी बाहेरूनच ओरडले, "नाना, द्या ना लवकर!" ते एका बोटाने काहीतरी मारत होते. मला वाटलं पावती काढताहेत. मी दारात पाय आपटत उभी. घड्याळ बघते, रस्त्याकडे बघते.

"नाना!"

"थांब जराशी," ते म्हणाले. मान वर न करता.

मग उठले, फ्लॉपी काढली, आणि मला देण्याऐवजी विळा घेऊन मागच्या बागेत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात केळीच्या खोडाच्या सोपटाचा तुकडा होता, पांढरा, ओलागार, गार. खोडाची ती साल, आतून जाळीदार, पाण्याने भरलेली. आमच्याकडे रानात तूप न्यायचं, लोणी न्यायचं, विड्याची पानं न्यायची तर सोपटात. उन्हात कितीही चाला, आतली वस्तू गार. नानांनी फ्लॉपी त्यात घातली, वरून दुसरं सोपट लावलं, सुतळीने बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "उन्हानं वितयून जाईन ते. आता कायजी नही."

मला एसटीचा हॉर्न ऐकू आला. मी पुडकं पिशवीत कोंबलं आणि पळाले. त्या घाईत मला, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला, एका क्षणासाठीही सुचलं नाही की सोपट म्हणजे पाणी आणि चीक. नाही सुचलं. नानांची चूक म्हणून मी पुढे कितीतरी जणांना हा किस्सा हसत सांगितला, पण पुडकं माझ्या पिशवीत होतं, आणि उघडून बघायला मला रावेरपासून धुळ्यापर्यंतचा अख्खा रस्ता होता.

सावदा, फैजपूर, भुसावळ, जळगाव. तिथे गाडी बदलली. एरंडोल, पारोळा. खिडकीतून उन्हाच्या झळा. काळं रान भेगाळलेलं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकलेल्या. शेजारची म्हातारी डोळे मिटून बसलेली, आणि मी मात्र दर मैलाच्या दगडाला मान काढून बघत होते.

बापूंचं दुकान आग्रा रोडच्या आतल्या बाजूला, जिना चढून. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. बापू पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, अंगात बनियन. बोलणं चाललं की अधूनमधून अहिराणीत शिरायचे. मी पुडकं टेबलावर ठेवलं. त्यांनी सुतळी सोडली, सोपट बाजूला केलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हाई काय शे ताई? फ्लॉपी शे का पानगा?"

मी बघितलं आणि माझा जीवच गेला. फ्लॉपीच्या पत्र्याच्या झाकणाखालून पाणी निथळत होतं. लेबलाचा कोपरा चिकाने भिजून तपकिरी व्हायला लागला होता. मी तिथल्या तिथे नानांच्या नावाने बोटं मोडली. काय काय बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. अक्कल नाही, शेतकरी तो शेतकरीच, सगळ्याला केळीच समजतात. बापू ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बापनी थंड ठेवाले बांधं ना? मंग वाईट काय करं त्यानी?"

त्यांनी ब्लेडने फ्लॉपीचं कवच उकललं. आतली पातळ काळी चकती चिमटीत धरून उजेडात नेली. "मझार बठ्ठा चीक शे." आत सगळा चीकच होता. मग जे केलं ते बघून मी डोळेच झाकले. चकती बशीतल्या पाण्यात ठेवली, बोटाने, अगदी तान्ह्या पोराचं तोंड धुवावं तशी धुतली, मलमलच्या फडक्यावर ठेवली आणि पंखा बंद केला. "आते बठ. वाळू दे."

धुळ्याच्या भर दुपारी, बंद पंख्याखाली, दीड तास! मी उठले, खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा उठले. बापू म्हणाले, "ताई, तू चालनी का धूळ उडस." शेवटी त्यांनी मला भिंतीशी स्टुलावर बसवलं आणि हातात पाण्याचा तांब्या दिला. मला आत काहीतरी लख्ख टोचलं. वजन सांगायच्या आधी पाणी.

चकती वाळली. एका कोऱ्या फ्लॉपीचं पोट रिकामं करून बापूंनी ती त्यात घातली. जुनं लेबल मी ओलं असतानाच अलगद उचकटून घेतलं होतं, ते नव्या कवचावर चिकटवलं. मग वाचन सुरू झालं. बापूंनी समजावलं की फ्लॉपीतल्या फाइली नुसत्या उचलायच्या नाहीत, अख्खी फ्लॉपी जशीच्या तशी, तिच्यातल्या रिकाम्या जागेसकट, एका फाइलमध्ये उतरवायची. तिला इमेज म्हणतात. ती सीडीवर ठेवली की कॉम्प्युटर सुरू होताना सीडी त्याला सांगते, मी फ्लॉपीच आहे. आणि तो विश्वास ठेवतो.

चकतीवर ऐंशी कप्पे, बापू त्यांना घरं म्हणत; ती एकेक करून उतरवायची होती. एक, दोन, तीन पटापट गेली. अकराव्यावर खट. खट. खट. मी बापूंच्या खुर्चीची पाठ धरून उभी. भाऊ त्या खटखटीत अडकला होता आणि पलीकडे अंगणातल्या खाटेवर नाना बसले होते, हे मला अगदी समोर दिसत होतं. "गेलं का हो? गेलं?" बापूंनी फक्त हात वर केला. अकरावं घर बाविसाव्या की तेविसाव्या खेपेला उतरलं. एकोणचाळिसाव्याने दम काढला. ऐंशीवं उतरलं तेव्हा मी रडत होते, आणि बापू चष्मा पुसत होते.

"व्हई गयं. आते काय बदल करना व्हई ते कर. सीडी लिखाई गयी का मंग काई व्हत नाही."

इमेज उघडली. भाऊचा प्रोग्रॅम दिसला. त्याच्याच बाजूला "नाना" नावाची एक फाइल. उघडली तर एकाखाली एक ओळी. हो. हो. आज नही. हो. लाइट नव्हती. हो. पाऊस झाला, नही देलं. हो. वर्षांमागून वर्षं. मी खालपर्यंत गेलेच नाही, घड्याळात सव्वाचार झाले होते आणि पाचची गाडी होती. सहाची होती म्हणा, पण मला पाचचीच हवी होती.

आणि आता अडचण दिसली. सीडीवर वाचता येतं, भर घालता येत नाही. नाना उत्तर लिहिणार, प्रोग्रॅम ते फ्लॉपीवर लिहायला जाणार, आणि ती फ्लॉपी नसून सीडी असणार. इंग्रजीत एरर येणार आणि मशीन अडणार. नाना घाबरतील. मग मी काय केलं? उत्तराची ओळच काढून टाकली. सरळ. राम राम येईल, प्रश्न येईल, आणि लगेच पावतीचा प्रोग्रॅम. मला वाटलं, वा, किती सोपं झालं! त्यांनाही एका बोटाने अक्षरं शोधायला नकोत.

खरं तर एकच अक्षर बदलायचं होतं. ए ड्राइव्हच्या, म्हणजे फ्लॉपीच्या, जागी सी. उत्तरं नव्या मशीनच्या डिस्कवर जाऊन बसली असती. हे तर मी क्लासमध्ये पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवत होते. पण पाचची गाडी.

सीडी लिहिताना बापूंनी जिन्याचं दार लावलं. कुणी चालायचं नाही, बोलायचं नाही, टेबलाला हात लावायचा नाही. वीज जाऊ नये म्हणून ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. वीज गेली नाही. सीडी बाहेर आली ती ऊनऊन. मी ती पाकिटात घातली, बापूंच्या पाया पडले आणि पळाले. नानांनी त्यांच्यासाठी दिलेली केळी पिशवीत तशीच राहिली, ती मला पारोळ्याच्या पुढे आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर नाना, मी आणि दोन-तीन शेतकरी. नानांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. सीडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, मी सांगितल्याप्रमाणे कडेला. सीडी आत गेली. सूं असा आवाज, घर्र नाही, खट नाही. पडदा उजळला.

राम राम नाना. केयीले पानी देलं का?

शेतकरी म्हणाले, वा वा. नानांनी बोट वर केलं, अक्षर शोधायला खाली आणलं, आणि तोवर पडद्यावर पावतीचा तक्ता आला होता. नाना तसेच बसले. बोट हवेत.

"काय झालं नाना? चालली ना?"

"चालली."

"मग?"

त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. राम राम, प्रश्न, तक्ता. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, शेतकऱ्यांना ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "बेबी, त्यानं इचारलं आन माही आयकाच्या आधीच निंघून गेला." मी समजावायला लागले, सीडीवर लिहिता येत नाही, एरर आली असती. ते मान हलवत राहिले. "असू दे. पन हा तो नही. तो थांबे."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी धुळ्याला जाते, बदलून आणते. ते म्हणाले, "राहू दे वं." आणि मी खरंच राहू दिलं. पुढच्या रविवारी काही निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी काही. नाना धुतलेल्या फ्लॉपीकडे परत गेले. ती चार-पाच महिने चालली, कण्हत, रुसत. मग कायमची थांबली. तरी आई सांगायची, ते रोज सकाळी ती घालायचे, खटखट ऐकायचे, काढून खिशात ठेवायचे आणि मग मशीन सुरू करायचे. त्या महिन्यांत त्यांनी काय काय लिहिलं ते त्या काळ्या चकतीलाच माहीत. मी खूप ठिकाणी दाखवली. आता कुणालाही वाचता येत नाही.

नानांच्या माघारी त्यांच्या कोटाच्या खिशातून निघाली ती फ्लॉपी, आणि मशीनच्या मागे पाकिटात सीडी. दोन्ही मी जळगावला आणल्या, कप्प्यात टाकल्या आणि पुन्हा कुठेतरी पळत सुटले.

परवा मुलीला म्हटलं, ही सीडी चालेल का गं? तिने शेजारून सीडी ड्राइव्ह मागून आणला. लॅपटॉपच्या आत म्हणे जुना कॉम्प्युटर उभा करता येतो. तिने केला. काळा पडदा आला, राम राम नाना आलं, आणि लगेच तक्ता. माझीच करणी. मुलगी म्हणाली, "आई, आजोबांची फाइल पण आहे यात. अख्खी फ्लॉपी आहे ना." मला हे सुचलंच नव्हतं. त्या दिवसापर्यंतची नानांची सगळी उत्तरं सीडीतच होती, आणि धुळ्यात घाईने चाळली त्यानंतर मी ती कधी उघडली नव्हती.

आम्ही दोघी वाचत बसलो. हो, हो, नही, हो. मधेच एकदा, आई बिमार हाये. मधेच, बेबीले नोकरी लागली. मधेच एकदा, काही न लिहिता नुसता ठिपका. मग हो, हो. आणि सगळ्यात खाली, शेवटची ओळ. त्या सकाळची, मी दारात पाय आपटत होते त्या सकाळची. सगळ्यांत लांब ओळ:

"बेबी नेते तुले धुयाले. ऊन लय हाये. सोपटात ठेवतो. पोरगी घाई करते. सांभाय तिले."

मी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून इमेजची एक प्रत लॅपटॉपवर घेतली, भाऊची उत्तराची ओळ होती तशी परत लिहिली, आणि ए च्या जागी सी केलं. एका अक्षराचं काम, मिनिटही लागलं नाही. सुरू केलं.

राम राम नाना. केयीले पानी देलं का?

खाली रेघ लुकलुकायला लागली आणि लुकलुकतच राहिली. मुलगी म्हणाली, "आई, लिही ना काहीतरी."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हटलं, "थांब जराशी."